फरदडीच्या दिवसांतला ताळेबंद

मला फाल्गुन-चैत्राचे दिवस आवडत नाहीत. लोक हिंगणीच्या वाटेला लागतात, धरणाच्या अलीकडचा पळस पाहतात आणि घरी येऊन चार दिवस त्याबद्दल बोलतात. त्यांचं त्यांना लखलाभ. माझी नजर या दिवसांत नेमकी जाऊन पडते ती फरदडीवर. कपाशीची वेचणी आटोपली की पऱ्हाटी उपटून टाकायची असते. पण कोणी ती तशीच उभी ठेवतो, एखादं पाणी देतो, आणि उन्हं तापायला लागली की त्या वाळक्या झाडांना पुन्हा चार बोंडं फुटतात. तो कापूस म्हणजे फरदड. आखूड, पिवळसर, पाल्याचा चुरा चिकटलेला. परवा वडनेरला जाताना एस.टी.च्या खिडकीतून एका वावरात दोन बाया तो वेचताना दिसल्या आणि माझा उरलेला प्रवास वाईट गेला. शेजारच्या माणसाने विचारलं, "तब्येत बरी नाई का, सर?" मी म्हटलं, ऊन लागलं.

ऊन नव्हतं लागलं. मला एक ताळेबंद आठवला होता.

ऐंशीनंतरची ती पहिली काही वर्षं. मी वर्ध्याच्या एका कॉलेजात वाणिज्य शिकवायचो आणि बोरगाव मेघेला दोन खोल्यांत राहायचो. शिकवणं सकाळचं. दुपारचा उद्योग वेगळा होता. नागपूरचा एक शेअर दलाल आपल्या गिऱ्हाइकांसाठी दर पंधरवड्याला चार पानांचं सायक्लोस्टाइल पत्रक काढायचा. कोणता उद्योग वर येतो आहे, कोणत्या कंपनीत पैसे घालावेत, कोणीकडे फिरकू नये, असा सगळा उपदेश त्यात असायचा. तो लिहिणारा मी. खाली नाव नसायचं, नुसतं 'आमचे अभ्यासक' एवढंच छापलेलं असायचं. ते दोन शब्द मी किती वेळा वाचत बसायचो हे सांगायची आज लाज वाटते.

कंपन्यांचे वार्षिक अहवाल मिळवायची माझी एक युक्ती होती. जिचा अभ्यास करायचा त्या कंपनीचा एकच शेअर विकत घ्यायचा. एका शेअरच्या मालकालाही कंपनीला अहवाल घरपोच पाठवावा लागतो. दिवाळीला वर्ष संपवणाऱ्या कंपन्यांचे हिशेब तपासून, छापून निघेपर्यंत फाल्गुन उजाडायचा, त्यामुळे या दिवसांत पोस्टमनची पिशवी माझ्यामुळे जड व्हायची. "घ्या सर, तुमच्या गिरण्या आल्या," असं म्हणून तो गठ्ठा ओट्यावर टाकायचा. माझी बायको शोभा म्हणायची, "इतक्या कंपन्यांचे मालक आहात, तर घरात एक पंखा तरी घ्या." खरंच, त्या उन्हाळ्यात आमच्याकडे पंखा नव्हता. खिडकीला ओलं पोतं लावून मी टेबलाशी बसायचो, घाम कागदावर पडू नये म्हणून मनगटाखाली रुमाल ठेवायचो.

आणि तरी ते सुख होतं. हे कबूल केलं पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं खोटं होईल. नव्या कागदाचा वास, गुळगुळीत मुखपृष्ठ, अध्यक्षांचा फोटो, त्यांचं ते भागधारकांना उद्देशून केलेलं गोड गोड निवेदन. मी ते निवेदन वाचायचोच नाही. सरळ मागची पानं उघडायची, आकड्यांच्या ओळीखाली लाकडी पट्टी धरायची आणि लाल पेन्सिलीने खुणा करत खाली उतरायचं. विक्री वाढली, पण उधारी त्याहून जास्त वाढली का? कर्जाचं व्याज नफ्यातलं किती खातं? यंत्रं जुनी झाली तर नवी घ्यायला पैसा कुठून येणार? कोणाचा थाट कमाईवर आहे आणि कोणाचा कर्जावर, हे मला अर्ध्या तासात कळायचं. किंवा कळतं असं वाटायचं. वाणसामानाच्या दुकानात मालक साखरेच्या पुड्याला दोरा गुंडाळता गुंडाळता विचारायचा, "सर, सिमेंट कसं काय?" आणि मी साखर विसरून सिमेंटवर बोलत उभा राहायचो. मागे गिऱ्हाइकं खोळंबायची.

हिंगणघाटच्या बाजूला एक सूतगिरणी होती. नाव लिहीत नाही. ती आता नाही आणि तिच्या जागी कुंपण आहे. ही कंपनी लोकांकडून मुदत ठेवी घ्यायची आणि पोस्टापेक्षा, बँकेपेक्षा बरंच जास्त व्याज द्यायची. त्या वर्षी तिचा अहवाल आला, तो मुखपृष्ठावर फुटलेलं बोंड घेऊन. नफा चांगला वाढलेला. दिवाळीच्या दिवशी गोदामात असलेल्या कापसाच्या गाठींचा साठाही वाढलेला, मागच्या वर्षीपेक्षा कितीतरी जास्त. वर्षअखेरीचा साठा जितका मोठा दाखवाल तितका नफा मोठा दिसतो, हे मी बी.कॉम.च्या पोरांना फळ्यावर उदाहरण मांडून शिकवत होतो. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत एक टीप होती: साठा व्यवस्थापनाने मोजल्याप्रमाणे आणि प्रमाणित केल्याप्रमाणे. म्हणजे साध्या भाषेत, माल किती आहे ते आम्हीच सांगतो, तुम्ही मान डोलवा. ही टीप सगळ्याच अहवालांत असायची. रोज दिसणाऱ्या गोष्टीवरून नजर घसरते तशी माझी त्या ओळीवरून घसरली.

दलालाने सांगितलं, एकदा गिरणी पाहून या, म्हणजे पत्रकात 'प्रत्यक्ष भेटीवरून' असं लिहिता येईल. कंपनीने वर्ध्याला जीप पाठवली. मॅनेजरने नळी घातलेली थंड बाटली हातात दिली, साच्यांचा खडखडाट दाखवला आणि शेवटी गोदामात नेलं. तिथे गाठींची थप्पी छपराला भिडली होती. लोखंडी पट्ट्यांनी आवळलेल्या गाठी, एकावर एक, भिंतीसारख्या सरळ. मी डायरी काढली, लांबीतल्या गाठी मोजल्या, रुंदीतल्या मोजल्या, उंचीतल्या मोजल्या आणि गुणाकार केला. आकडा दिवाळीच्या साठ्याशी जवळपास जुळला. वास्तविक तो जुळायचं काही कारणच नव्हतं, कारण दिवाळी होऊन पाच महिने झाले होते आणि गिरणी रोज सूत कातत होती. पण जुळला, आणि मी खूश झालो.

माझे वडील बंडी, म्हणजे बैलगाडी, भरून सरकारी खरेदी केंद्रावर जायचे, तेव्हा तिथला ग्रेडर पहिलं काम काय करायचा, तर बाही वर सारून कोपरापर्यंत हात कापसात खुपसायचा आणि तळचा मूठभर बाहेर काढायचा. वरचा कापूस कोणी पाहतच नसे. वर सगळेच पांढरा घालतात. आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं. आणि मी, त्याच बंडीवर बसून मोठा झालेला, त्या दिवशी इस्त्रीची बाही जपत थप्पीचा दर्शनी भाग मोजून परतलो. मॅनेजरच्या देखत शिडी लावून वर चढणं, आत डोकावणं मला गावंढळपणाचं वाटलं. एवढ्या शिकलेल्या माणसाने असं करायचं नसतं, असं मला कोणी शिकवलं होतं कोण जाणे.

गोदामाच्या दाराशी महादेवकाका उभा होता. माझ्या वडिलांचा चुलतभाऊ, वडनेरचा. थोडी शेती होती, ती धाकट्या भावाकडे सोपवून तो या गिरणीत हमालांचा मुकादम झाला होता. मला पाहून त्याने मान हलवली, पण बोलला नाही. साहेबांसोबत आलेल्या पुतण्याशी बोलावं की नाही हे त्याला ठरवता आलं नसावं. मी मॅनेजरच्या मागोमाग जीपकडे निघालो.

त्या रविवारी सकाळच्या पहिल्या गाडीने तो बोरगावला घरी आला. पिशवीतून शोभाला तुरीचे वाळवलेले सोले काढून दिले. चहा बशीत ओतला आणि फुंकत फुंकत विषय काढला.

"सुधाकर, परवा तू गोदामात आलता."

"हो."

"थप्पी मोजून राह्यलता."

"हो, काका."

"थे थप्पी आतून पोकळ हाय, बापू."

मी म्हटलं, पोकळ म्हणजे?

"चारी आंगानं गाठी, अन् मधात काईच नाई. विहीर राह्यते नं, तशी. मीच लावली. मनीजर म्हने, अशीच लाव. दिवाळीच्या आंधी लावली, तवापासून तिले कोनी हात लावला नाई. रोजच्या कामाच्या गाठी दुसऱ्या गोदामातून जाते." बशी खाली ठेवून तो पुढे म्हणाला, "अन् मले सांग, दिवाळीले कोनाच्या घरी कापूस राह्यते का? जुना सरून जाते, नवा तं तवा कुठं फुटून राह्यला असते. मंग एवढी थप्पी काऊन लावाले लावली असन?"

माझ्या लाल पेन्सिलीने जे करायला हवं होतं ते सगळं त्या माणसाने दोन वाक्यांत केलं होतं. अहवाल न वाचता. पण माझं टिपण आदल्या दिवशीच नागपूरला पोस्टात पडलं होतं, 'प्रत्यक्ष भेटीवरून' हे शब्द अधोरेखित करून. आणि समोर चहा पिणारा माणूस चौथीपर्यंत शिकलेला होता.

मी घसा साफ केला आणि वर्गात बोलतो तशा मराठीत बोलायला लागलो. "काका, कापसाला आग लवकर लागते. गाठींच्या मध्ये हवा खेळती राहावी म्हणून मोकळी जागा ठेवतात. विम्याचा तसा नियम असतो. आणि दिवाळीला साठा जास्त आहे, कारण पुढे भाव वाढणार हे ओळखून कंपनीने माल आधीच घेऊन ठेवला. याला दूरदृष्टी म्हणतात."

असा नियम मी कुठेही वाचला नव्हता. तो आहे की नाही हे मला आजही ठाऊक नाही. तो त्या घटकेला माझ्या तोंडात तयार झाला आणि इतक्या सफाईने बाहेर पडला की पुढच्या घटकेला मलाही खरा वाटला.

काकाचा चेहरा मोकळा झाला. हे मला विसरता येत नाही. मी खोटं बोललो आणि त्याच्या मनावरचं ओझं उतरलं.

"असं हाय का," तो म्हणाला. "माह्या जिवाले घोर लागला होता. आमी गाठी उचलनारे लोक, आमाले थप्पी समजते, नियम कुठचे समजते." मग त्याने अंगातल्या बंडीच्या खिशातून घडी केलेला कागद काढला. गिरणीच्या मुदत ठेवीचा फॉर्म होता तो. वडनेरला रस्ता रुंद झाला तेव्हा त्याच्या जमिनीचा एक तुकडा गेला होता, त्याचे पैसे पोस्टात पडून होते. "माही पोरगी मंदी यंदा बारावी होऊन राह्यली. तिले मास्तरीन होयाचं हाय. डी.एड.ले टाकतो म्हनतो. ब्याजावर तिची वर्ध्याची खोली अन् खानावळ भागन, मुद्दल तसंच राहीन. ठेवू का पैसे?"

म्हणजे तो थप्पीची चहाडी करायला आलाच नव्हता. पोरीचे पैसे कुठे ठेवायचे हे विचारायला आला होता, आणि आधी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं माझ्यापुढे ठेवत होता.

"ठेवा," मी म्हटलं.

फॉर्म मीच भरला. अशा ठेवींवर दलालाला दलाली मिळायची; त्याचा रबरी शिक्का माझ्या टेबलाच्या खणात असायचा, तो मीच मारला. काकाने सही केली, एकेक अक्षर सावकाश काढत. तो गेल्यावर शोभा दारात येऊन म्हणाली, "महादेवमामाजींनी स्वतः लावली ना थप्पी? मग तुम्ही त्यांनाच काय समजावत होतात?" मी म्हटलं, "तुला ताळेबंद कळतो का?" ती म्हणाली, नाही कळत, आणि कणीक मळायला गेली. त्या महिन्यात दलाली आली, त्यात माझा वाटा होता. त्यातून मी कॅल्क्युलेटर घेतला. पंखा पुढच्या वर्षावर टाकला.

माणूस लोभाने बुडतो आणि दुसऱ्याला बुडवतो असं आपण सहज म्हणतो. लोभ असता तर मी स्वतःला लवकर माफ केलं असतं. लोभ सगळ्यांनाच असतो. माझं दुखणं वेगळं होतं. एका मुकादमाने मला माझ्या विषयात काही सांगावं, हे मला सहन झालं नाही. इतकंच. ताळेबंदाच्या कोणत्याही रकान्यात ही गोष्ट बसत नाही, म्हणून मी ती इथे लिहितो आहे.

पहिले काही महिने व्याजाचे चेक वेळेवर आले. मंदाने डी.एड.ला नाव घातलं, खोली घेतली, आणि पहिल्या सहामाहीत चांगले गुण पडले तेव्हा पेढे घेऊन आमच्याकडे आली. हातात पाठ घेण्यासाठी स्वतः रंगवलेला तक्ता होता, आपल्या जिल्ह्यातली पिकं दाखवणारा. शोभाने तो भिंतीला टेकवून कौतुकाने पाहिला. मी तिला म्हटलं, वर्ध्यातच नोकरी बघू तुझ्यासाठी. पुढच्या खेपेचा चेक परत आला. मग कंपनीचं दिलगिरीचं पत्र आलं. मग, पुन्हा याच फरदडीच्या दिवसांत, गिरणीच्या फाटकावर नोटीस लागली. कोर्टाने नेमलेला माणूस साठा मोजायला आला तेव्हा थप्पी उतरवायला हमाल लागले, आणि हमालांबरोबर मुकादम लागला. काकाने लावलेली थप्पी काकानेच उतरवली. तिथे मी नव्हतो. शोभाला ते तिच्या हिंगणघाटच्या मावशीकडून कळलं, तिने मला सांगितलं.

मंदा पहिलं वर्ष पुरं करून वडनेरला परतली. दुसऱ्या वर्षाचे पैसे मी देऊ केले. काका म्हणाला, "राहू दे बापू, तुह्याही घरी खर्च हाय." मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. खरं सांगायचं तर पहिल्यांदा विचारतानाच तो नको म्हणेल अशी आशा माझ्या मनात होती. त्या उन्हाळ्यात आईचं वर्षश्राद्ध होतं, म्हणून मी वडनेरला गेलो. रस्त्याकडेच्या वावरात मंदा फरदड वेचत होती, डोक्यावर बापाचा दुपट्टा घेऊन. मला पाहून तिने हात केला. "सर, वहिनी बऱ्या हायेत नं?" असं ओरडून विचारलं. पूर्वी ती मला दादा म्हणायची. मी बऱ्या आहेत म्हटलं आणि पाय उचलले.

दलालाने पत्रक बंद केलं. भेटला तेव्हा म्हणाला, "कंपनियाँ तो डूबती ही हैं, सर. आप काहे को दिल पे लेते हो?" मी शिकवत राहिलो. दरवर्षी साठ्याचं प्रकरण आलं की फळ्यावर तेच उदाहरण मांडायचो, पोरं उतरवून घ्यायची. कधी वाटायचं, खडू ठेवावा आणि यांना काकाची गोष्ट सांगावी. घंटा व्हायची. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. निवृत्त झालो तोवर मी ती गोष्ट एकाही वर्गाला सांगितली नव्हती.

पण हे सगळं नंतरचं. फाटकाला नोटीस लागल्याच्या दुसऱ्या वर्षी काका पुन्हा सकाळच्या गाडीने आला. सोबत मंदाही होती; तिचं लग्न ठरलं होतं आणि दोघं वर्ध्याला कापड घ्यायला आली होती. काकाने पिशवीतून एक लांब लिफाफा काढला. कंपनीचं दिवाळं वाजलं होतं आणि मालमत्ता विकून देणी भागवणाऱ्या सरकारी माणसाने सगळ्या ठेवीदारांना इंग्रजीत पत्र पाठवलं होतं. तो लिफाफा त्याने वाचायला माझ्याकडेच आणला होता. गावात आता इंग्रजी वाचणारी दोनचार पोरं होती, मंदाही थोडंफार वाचायची. तरी तो गाडीभाडं खर्चून माझ्याकडे आला होता.

मी पत्र वाचलं. आधी बँकांचं देणं, मग कामगारांचं, मग उरलं तर ठेवीदारांचं, अशी काहीबाही रांग त्यात लावलेली होती. किती उरणार, कधी उरणार, याचा पत्ता नव्हता.

"पैसे भेटतीन का?" काकाने विचारलं.

माझं तोंड उघडलं. जीभ तयारच होती. कारखान्याची जमीन आहे, यंत्रं आहेत, लिलावात चांगली किंमत येते, एकदोन वर्षांत काहीतरी हाती पडतं. सगळी वाक्यं ओळीने उभी होती, नुसती सोडायची होती. मंदा माझ्याकडे पाहत होती.

"मले नाई मालूम, काका," मी म्हटलं. "मले खरंच नाई समजत."

काकाने पत्र माझ्या हातातून घेतलं, मूळच्या घड्यांवर घडी घातली आणि लिफाफ्यात सरकवलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "असं म्हनता येते तुले. मंग तवा काऊन नाई म्हनलं, बापू?"

आवाजात राग नव्हता. तो खरंच विचारत होता, आणि उत्तर ऐकायला थांबला होता.